जांभळ्या कापडाची घडी

बिशपसाहेब, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा राग आठवतो, आवाज आठवत नाही. काल आमच्या कुळगावच्या चर्चचे सेक्रेटरी घरी आले. तुमच्या स्मरणार्थ उपासना आहे, नवे बिशप येणार आहेत. "पाळकीणबाई, तुम्ही त्यांना जवळून पाहिलंय. दोन शब्द बोला," म्हणाले. हो म्हटलं. नाही म्हणायलाही आता दम लागतो. तेच दोन शब्द लिहायला बसले आणि भलतंच लिहिते आहे.

तुम्ही सगळ्यांत ज्येष्ठ. बाकीचे बिशपही तुम्ही आलात की उठून उभे राहायचे. कुणाला दीक्षा द्यायची, कोणत्या पाळकानं कुठे जायचं, ते तुम्ही ठरवायचात आणि आमच्या दारी एक पाकीट यायचं. आम्ही अंबरनाथच्या चर्चमध्ये होतो, तेव्हा ते ईस्टर झाल्यावर आलं. हे कुणाच्या घरी प्रार्थनेला गेले होते. मी चौथीपर्यंतच शिकलेली, पण यांच्या कपाटातली पुस्तकं चाचपडत वाचायला लागले होते. पाकीट फोडलं. पंधरा दिवसांत निघा, लांबच्या गावच्या मंडळीत बदली. आमच्या मुलीला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. शिवमंदिराच्या वाटेवरचा पाथरवट तिच्या कबरीचा दगड घडवत होता आणि रोज म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात, बाई." तोवर नुसता मातीचा उंचवटा, भोवती मी लावलेल्या चार विटा. पावसात ती माती बसली असती तर पुढे जागाही सापडली नसती.

वेदीची कापडं धुणं, इस्त्री करणं माझ्याकडे होतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात वेदीवर घालायचं जांभळं कापड मी उल्हासनगरच्या सिंधी दुकानातून आणलेलं. ईस्टरला ते पेटीत गेलं की नाताळाआधीच्या दिवसांपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. पत्र मी त्या घडीत ठेवलं.

दीड महिन्यानं तुम्ही स्वतः आलात. उभ्या उभ्याच यांना म्हणता, "पाळकसाहेब, बिशपचं पत्र म्हणजे काय लग्नपत्रिका आहे? जमलं तर येऊ?" यांनी पत्र पाहिलंच नव्हतं. एकदा माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली. "चूक माझी, साहेब. उत्तर द्यायचं राहिलं." मग चहा झाल्यावर तुम्ही पाणी मागायला स्वयंपाकघरात आलात आणि हळूच विचारलंत, "बाई, काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "चहात साखर कमी झाली का?" तुम्ही गेल्यावर हे एवढंच बोलले, "दगड बसला की निघू." त्या पत्राबद्दल यांनी मरेपर्यंत मला विचारलं नाही.

त्यानंतर तुमच्या लेखी हे हट्टी ठरले. जिथे कुणी जायला तयार नसे तिथे यांना पाठवलंत. तो हट्टीपणाचा ठपका पुसणं तुमच्याच हातात होतं, आणि मी खरं सांगणारं एक पोस्टकार्डही टाकलं नाही. भीती वाटायची, असं स्वतःला सांगत आले.

उपासनेत मी सांगेन, तुम्ही शिस्तीचे होतात. ते खोटं नाही. हा कागद मात्र घरीच राहील. माफी मागायला बसले होते, पण ती येत नाही. ते पाकीट आज आलं तर मी त्याच घडीत ठेवीन, आणि यांना पुन्हा तुमच्यासमोर मान खाली घालायला लावीन.