पाय त्याचे, चेहरा हिरोचा

२ फेब्रुवारी
हिरोला बॉल मारता येत नाही! फुटबॉलवरचा सिनेमा, आणि हा बॉलला असा पाय लावतो, जणू अंधारात चप्पल शोधतोय. शूटिंगचे तुकडे बघून पोट धरून हसले. मग लक्षात आलं – हे कापून-जोडून त्याला खेळाडू करायचं काम माझंच आहे.

दिग्दर्शक म्हणाले, "तुमचा भाऊ खेळायचा ना, मॅडम? त्याचे पाय द्या आम्हाला." शेजाऱ्याकडे शिडी मागावी तसं.

९ फेब्रुवारी
धाकट्याने शाळेतून रजा घेतली. खेळ शिकवतो तिथे. एके काळी मोठ्या संघातून खेळलाय. आता हिरोची जर्सी, हिरोसारखे केस, आणि नियम एकच – कॅमेऱ्याला तोंड दाखवायचं नाही.

आईला मात्र सांगून बसलाय, मी सिनेमात आहे म्हणून. आई म्हणाली, "अरे पण ओळखायचं कसं तुला?"
"गुडघ्याच्या खाली बघ. सगळा मीच."

जेवताना मला म्हणाला, "ताई, एकदा तरी थोबाड येऊ दे की माझं. सगळं तुझ्याच हातात."
मी म्हटलं, "चुकून चेहरा आला तर आम्ही कापतो. हां, शॉटच इतका जबरदस्त असला की कापवत नाही, तर मग राहतो."
गमतीत म्हटलं.

१८ फेब्रुवारी
शूटिंगमध्ये धाकट्याचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चालेल नीट. धावणं विसरा.
आईने दोनदा विचारलं – "धावणं विसरा म्हणजे?"

२१ फेब्रुवारी
तो टेक बघितला. पुढे, मागे, परत पुढे.

साधं पाठमोरं पडायचं होतं. समोरचा अंगावर येतो, धाकटा पडायला लागतो – आणि पडता पडता मान वळवतो. मुद्दाम. कॅमेरा शोधतो. मानेबरोबर खांदा वळतो, खांद्याबरोबर कंबर, बूट मात्र गवतात रुतलेला. मग ती किंकाळी. बराच वेळ कुणी कट म्हणतच नाही.

मी गमतीत म्हटलेलं त्याने खरं धरलं होतं. कापवणार नाही असा शॉट दिला त्याने मला.

दिग्दर्शक माझ्या खुर्चीमागे उभे होते. "सोनं आहे हो, सोनं!"
"माझा भाऊ आहे तो."
"तेच म्हणतोय! घरातच कला आहे तुमच्या."
मी हसले. का हसले?

२६ फेब्रुवारी
ठरलं. शॉट राहणार, कॉम्प्युटरवर त्याच्या तोंडाच्या जागी हिरोचं तोंड बसवणार. दिग्दर्शकांनी विचारलं, "तुमची काही हरकत? असेल तर आत्ताच सांगा." चांगले थांबले होते उत्तरासाठी. मी म्हटलं, "सिनेमा तुमचा आहे."

हरकत घेतली असती तर बहीण म्हणून की संकलक म्हणून? संकलक म्हणून शॉट अप्रतिम आहे. आणि बहिणीचा निकाल मी कामात आणत नाही. किती शोभून दिसतं हे वाक्य कागदावर! खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही. गप्प बसणं बसतं, असं दिसतंय.

४ मार्च
धाकट्याकडे गेले. पाय उशीवर. रिमोटने चॅनल बदलत पडला होता.
"शॉट ठेवलास?"
"ठेवला."
"कापवला नाही ना!" हसला. मग माझ्याकडे बघत राहिला. "आणखी काय?"
"काही नाही रे. काम चाललंय."

नाही सांगितलं. एक, त्याला दुखत होतं. दुसरं, आई तिथेच होती. तिसरं, चेहऱ्याचं काम अजून पुरं व्हायचंय, मग आत्तापासून कशाला? तिन्ही कारणं खरी आहेत. त्याचीच किळस येते.

११ मार्च
हिरो डबिंगला. किंकाळी जमेना; दारात बोट चेमटल्यासारखा ओरडत होता. शेवटी "त्याचीच ठेवा" म्हणाला. जाताना मला – "अहो, त्याला विचारून सांगाल? ओरडताना डोक्यात नेमकं काय आणलं होतं त्याने? माझ्या पुढच्या सिनेमात उपयोगी पडेल."
विचारते म्हणाले!

३० मार्च
चेहरा बसला. जोड कुठे दिसत नाही. मीच दोन ठिकाणी सुधारणा सुचवल्या.

१९ एप्रिल
आज नक्की सांगणार होते. त्याने कुबड्या टाकून चार पावलं चालून दाखवलं. अशा दिवशी कसं सांगायचं?

२ मे
सिनेमाचा खास खेळ. मी, आई, कडेच्या खुर्चीवर धाकटा.

तो शॉट आला. पडद्यावर हिरो पडला, हिरोने मान वळवली, आणि धाकटा किंचाळला. आई ताडकन उभी राहिली. पडद्याकडे बघत त्याचं नाव घेऊन हाक मारली तिने. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ आजी, खाली बसा!" लोक हसले. मग टाळ्या – हिरोला.

धाकट्यानेही वाजवल्या. आईचा हात धरून खाली बसवलं तिला. "इथे आहे मी. इकडे बघ."
मी पडद्याकडेच बघत राहिले. शॉट खरंच चांगला लागलाय.

३ मे
सकाळी धाकट्याने सांगितलं. दिग्दर्शक दवाखान्यातच भेटले होते त्याला. चेहरा बदलावा लागेल, नको असेल तर शॉटच काढतो, म्हणाले.
"मी म्हटलं, ताईला विचारा. ती नाही म्हणाली तर काढा."