खिंडीवरचा जाळ

खिंडीवरची चौकी, खार्सियानोन सुभा
संत मामासच्या सणाचा दुसरा दिवस

प्रिय तासोताई,

देवाच्या कृपेने मी धडधाकट आहे. तुम्हीही मजेत असाल, असं लिहायला हात धजत नाही.

इथे थंडी लवकर पडली. तू पाठवलेलं पांघरूण छान उबदार आहे. चीज मात्र चौकीवरच्या मंडळींनी एका बैठकीत फस्त केलं.

हे पत्र स्ताव्राकिओस दाजींच्याच हाती देतोय. त्यांना वाचता येत नाही, तुला येतं. त्यांना दारात उभं करून बोलू नकोस. आधी हे पुरतं वाच.

चौकीवरचा इशाऱ्याचा जाळ पाहून गाव किल्ल्याकडे पळालं, आणि शत्रूच्या हाती दाणा लागू नये म्हणून तू तुमचं खळं स्वतःच्या हाताने पेटवलंस, हे कळलं. शत्रू आलाच नाही. धूळ उडवत आला तो रानगाढवांचा कळप. इथले शिपाई अजून विचारतात, "काय रे, खाली गाढवं किती होती अन् वर किती?" त्यांच्याबरोबर मीही हसतो.

ताई, जाळ मी लावला.

दोघांनी पाहिल्याशिवाय लावायचा नाही, हा नियम मला तोंडपाठ आहे. दाजी झऱ्यावर पाणी आणायला उतरले होते. धूळ दिसली आणि माझी पाचावर धारण बसली. ते धावत वर येईतो पुढच्या डोंगरावरही जाळ पेटला होता.

सुभ्याचे सेनापती स्वतः आले. "कोणी लावला?" दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे बघत राहिलो. मग ते म्हणाले, "पहारा माझा होता, सरकार."

त्यांचं नाव घोडदळातून काढलं. चाकरी गेली की जमीनही जाते, हे तुला मी काय सांगू? पेरणीआधी ती दुसऱ्या शिपायाला देतील.

मी दाजींचे पाय धरले, सगळं सांगतो म्हटलं. तर म्हणाले, "गप रे. तुला झेपायचं नाही. तुझी ताई मला बोलून बोलून किती बोलेल?" आणि मला हायसं वाटलं. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

रोज सेनापतींच्या छावणीकडे निघतो आणि अर्ध्या वाटेवरून परततो. माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. तेव्हा हे पत्र तूच सेनापतींपुढे ठेव. भाऊ की नवरा, हा पेचही मीच तुझ्या गळ्यात घालतोय.

दाजींना मात्र वाचून दाखवू नकोस. ते चुलीत टाकतील.

ज्याला तू पाठीशी घालू नयेस असा तुझा भाऊ,
पेत्रोनास