ही तीच व्यक्ती आहे का?

१४ मार्च, रविवार

प्रिय छोट्या,

तुला आशीर्वाद, पोरांना पापा, तुझ्या बायकोला सांग की तिने पाठवलेली छत्री मला आवडली. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचे गुडघे जिना उतरताना कुरकुरतात, जेवायला येताना नाही. लॅबमध्ये धावपळ आहे, मालकीणबाईंच्या डोक्यात नवीन शाखा काढायचं घोळतंय. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी तुझं काम.

कॉम्प्युटरमधले फोटो हलवून झाले. फोनवर तू किती सहज म्हणालास, "वायर जोड, सगळे उचलून तिकडे टाक, तुला काय, तू घरीच असतेस." मी रोज नऊ ते सहा कवळ्या बनवते हे तुला चांगलं ठाऊक आहे, तरी तुझ्या लेखी मी घरीच असते. हल्ली मलाही तसंच वाटायला लागलंय. असो. तू पाठवलेली ती हार्ड डिस्क, साबणाच्या वडीएवढी काळी डबी, काल सकाळी जोडली. कॉम्प्युटरवर आधी आलं चार तास बाकी, मग नऊ, मग पुन्हा चार. मध्येच तो झोपला तर सगळं पहिल्यापासून, म्हणून दिवसभर त्याच्यापाशी बसून माउस हलवत राहिले. बाबांना फार बरं वाटलं. "आज कुठे जात नाहीस ना?" असं थोड्या थोड्या वेळाने विचारत होते. मी जाते कुठे, सांग.

बाबांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला तुला आईच्या फोटोंचं पुस्तक छापायचंय, म्हणून कॉम्प्युटरला चेहऱ्यांवरून माणसं वेगळी करायला लावलं. ते तो आपला आपण करतो. अडला तरच दोन फोटो शेजारी ठेवून विचारतो, ही तीच व्यक्ती आहे का? तुझा गठ्ठा झाला, बाबांचा झाला, शेजारच्या मांजराचासुद्धा झाला. आईचा सगळ्यात मोठा निघाला. उघडून पाहिला तर त्यात मागच्या वर्षीचेही फोटो. आईला जाऊन अकरा वर्षं झाली.

ते माझे फोटो होते. आईचा राखाडी स्वेटर घातलेली, स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी. चष्माही तिचाच, फ्रेम चांगली होती म्हणून त्यात माझ्या नंबरच्या काचा बसवून घेतल्या होत्या. तुझ्या धाकट्याच्या वाढदिवसाला केकच्या बशा घेऊन सगळ्यांच्या मागे. आधी मला हसूच आलं. दिवसभर मी लोकांचे जबडे हाताळते, दोन जबडे कधी सारखे नसतात. आईचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, माझे सरळ आहेत. पण या सगळ्या फोटोंत माझं तोंड मिटलेलं आहे. त्या बिचाऱ्याला कळणार तरी कसं?

तेवढ्यात बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "हा बघ, काय शांत दिसतेय तुझी आई. पुस्तकात हाच पहिला घाल."

"बाबा, ती मी आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून नीट पाहिलं. "हो का? असू दे. काय फरक पडतो?" आणि मग, "चहा टाकतेस ना?"

मी उठले आणि चहा टाकला.

नंतर माझा स्वतःचा गठ्ठा शोधला. आहे, छोटासा. आखूड केस, तुझी सायकल पळवून नेलेली, लॅबच्या सहलीत भिजलेली. सगळीकडे दात दिसताहेत. शेवटचा फोटो आई होती त्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यातला, तूच काढलेला. दोन्ही हातांत कॉफीचे कप आहेत आणि तुझ्याच कसल्या तरी फालतू विनोदावर मी खिदळतेय. त्यापुढे त्या मुलीचा एकही फोटो नाही.

छोट्या, कॉम्प्युटरच्या हिशेबाने आई अजून आहे, स्वेटर घालून स्वयंपाकघरात उभी आहे. अकरा वर्षांपूर्वी गेले ती मी. मला फार भीती वाटली रे.

आता बाईंचं. नवी शाखा मी चालवावी असं त्यांचं म्हणणं आहे. गाव आगगाडीने सहा तासांवर, राहायला लॅबच्या वरचीच खोली. याआधी दोनदा त्यांनी विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी घरात कुणाला न सांगता नाही म्हणून मोकळी झाले. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास, "छोटी आई, तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत." बाबाही वाईट वागत नाहीत. ते आरडाओरडा करणारे असते तर मी केव्हाच बाहेर पडले असते. पण ते नुसतं "जेवलीस का?" म्हणतात, आणि माझा पाय निघत नाही.

आज सकाळपासून आईच्या गठ्ठ्यातून माझा एकेक फोटो बाहेर काढतेय. दर वेळी तो विचारतो, ही तीच व्यक्ती आहे का? पहिल्या काही वेळा सवयीने बोट 'हो'वरच गेलं. मग हळूहळू 'नाही' जमायला लागलं. दुपारी बाईंना फोन करून एक तारखेपासून येते म्हणून सांगितलं. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आणि माझ्या गोळ्या?" उद्यापर्यंत थांबले तर मी पुन्हा नाही म्हणेन, मला माहीत आहे. म्हणून हे पत्र आत्ताच पोस्टाच्या पेटीत टाकून येते.

डबी कुरिअरने पाठवणार नाही. एक तारखेच्या आत स्वतः येऊन घेऊन जा, आणि येताना महिनाभर पुरतील एवढे कपडे आण. गोळ्या फ्रिजवर आहेत, बाबांना त्या कळतात, फक्त हातात आणून दिलेल्या आवडतात. पुस्तकात आईचे फोटो अकरा वर्षांपूर्वी संपतील. संपू देत.

आणि मला ते 'छोटी आई' म्हणून हाक मारणं आता बंद कर.

तुझी बहीण,
ताई