गाडी वळणाआड जाईपर्यंत

नांदे, रविवार, संध्याकाळ

आई अजून माझ्याशी बोलत नाही.

मोरीसाहेब आज घरी आले होते. जपानात, हिदाच्या डोंगरात, मी ज्यांच्या फर्निचरच्या कारखान्यात काम करतो ते मालक. हिंजवडीतल्या एका ऑफिसला खुर्च्या दाखवायला आले होते; माझे वडील, आबा, गेल्याचं कळलं म्हणून मुद्दाम भेटायला आले. फोटोपुढे कितीतरी वेळ मान खाली घालून बसले.

ते निघाले तसा मीही उठलो. गेटबाहेर जाऊन वाकलो आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिलो. हिदात सगळे तसंच करतात, दुकानदार काय, डोंगरातल्या लॉजची म्हातारी मालकीण काय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भरून आलं होतं. आज नेमकी वळणावर ट्रॅफिक. गाडी हलेना, आणि मला हात खाली घेववेना.

"दुखाच्या घरातनं कुणी गेटपत्तुर जातं व्हय रं?" मागून आई. "आन् काय बोललास त्यास्नी?"

"परत या म्हणालो."

तिनं तोंडाला पदर लावला.

खरंच की. भेटायला आलेला माणूस काही न बोलता उठून जातो, आपण 'परत या' म्हणायचं नसतं, जागचं हलायचंही नसतं. विसरलोच कसा मी?

आपल्याकडे शेवटपर्यंत सोबत जातात ते एकदाच. आबांना त्याच वळणावरून नेलं. सगळं गाव मागून चालत होतं म्हणे.

माझं विमान दुसऱ्या दिवशी उतरलं.