तुझे पाठमोरे फोटो

प्रिय सुमन,

एवढ्या वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची वेळच आली नाही. तू माहेरी पवनीला गेलीस तरी दोन दिवसांत मीच मागोमाग यायचो. आज लिहायला बसलोय, कारण रविवारी तुझी बरसी आहे, तुला जाऊन वर्ष होईल, आणि भिंतीवर लावायचा फोटो उद्या सकाळी स्टुडिओवाल्याला द्यायचा आहे. आणि माझ्याकडे तुझ्या चेहऱ्याचा एकही धड फोटो नाही.

हसू नकोस. तुझीच करणी आहे ही.

मोबाइलमध्ये तुझे फोटो मोजायला बसलं तर दिवस जाईल. पण सगळे पाठमोरे. निळी शाल, तुझी पाठ. लाल शाल, तुझी पाठ. वेणी पुढे घेतलेली, नक्षी दिसावी म्हणून दोन्ही हात पसरलेले, खाली काळे खडक आणि समोर समुद्र. भंडारा जिल्ह्यातल्या बाईचे समुद्रावरचे इतके फोटो आहेत आणि एकातही तिचं नाक दिसत नाही, असं दुसरं घर दाखव मला.

हा नाद तुला जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये लागला. शेजारच्या बिमलाभाभी हिमाचलच्या. थंडीत तुम्ही दोघी दारासमोर उन्हात खाट टाकून बसायचात. मी फॅक्टरीच्या बसमधून उतरलो की आधी लोकरीचा गुंडा दिसायचा आणि मग तू. भाभींनी विणकाम शिकवलं आणि सोबत त्यांच्याकडची एक रीतही दिली. शाल पुरी झाली की ती आधी विणणारीने अंगावर घ्यायची, मग दुसऱ्याला द्यायची. तशीच दिली तर ती थंड शाल. भाभींची बदली झाली, रीत मात्र आपल्या घरी राहिली. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, कुलरसमोर बसून लोकर विणणारी तू एकटीच. शेजारपाजारचे तुला बघायला यायचे, आठवतं?

मग निखिलला रत्नागिरीला नोकरी लागली, तिकडचीच सून आली. पल्लवीसाठी विणलेली लाल शाल घेऊन आपण पहिल्यांदा गेलो. तू रीतीप्रमाणे ती किनाऱ्यावरच्या खडकांवर उभी राहून अंगावर घेतलीस आणि मी सहज फोटो काढला. काळ्या खडकावर तो लाल रंग असा काही उठून दिसला की पल्लवीने फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आणि पवनीहून फोन सुरू झाले. सगळ्यांना शाल पाहिजे, पण आधी तिचा समुद्रावरचा फोटो पाहिजे. तेव्हापासून दर हिवाळ्यात जी शाल पवनीला जायची, ती आधी रत्नागिरीला जाऊन यायची. बॅगेत कपडे कमी, शाली जास्त. तुझी वहिनी फोनवर काळजीने विचारायची, "समुद्राच्या हवेनं लोकर चिकट तं नाही झाली ना वो बाई?"

तिथला हिवाळा म्हणजे काय ते तुलाच माहीत. सगळे टोप्या घालून नारळपाणी पितायत, आणि आपण घामाने निथळत खडकांवर चढतोय. तुझ्या चपला माझ्या हातात, तुझ्या अंगावर लोकर. फिरायला आलेले लोक थांबून बघायचे. मला लाज वाटायची, तुला कधीच नाही.

"एक डाव इकडं पाय ना, तोंड दिसू दे," मी म्हणायचो.

"गिऱ्हाइकाले शाल घ्याची आहे, मले नाही. मी हिरोईन आहो का?"

पण एक गोष्ट मला तेव्हाही उमगली नाही. घरात पाच मिनिटं एका जागी न बसणारी तू तिथे उन्हात एवढा वेळ उभी कशी राहायचीस? मी "झाला" म्हटलं की तू म्हणायचीस, "अजून एक काढा जी, हा बरोबर नसन आला." फोटो न बघताच. मला वाटायचं, बाई कामाला पक्की आहे.

तेरवीला कोणाच्या तरी लग्नातला फोटो कापून मोठा केला होता. त्यात तू धूसर, आणि शेजारी कोणाचा तरी अर्धा खांदा. आता स्टुडिओवाल्याने आधार कार्डावरचा चेहरा उचलला, काठाच्या साडीतल्या अंगावर बसवला आणि मागे फुलं लावली. ती बाई छान होती सुमन, पण मला तिच्याशी काही बोलता आलं नसतं. मी म्हटलं, पाठमोराच लावू. तर तुझी वहिनी म्हणाली, "पाठ फिरवलेल्या बाईले हार घालता का भाऊजी? रागावून गेल्यावानी दिसते ते."

ते मला लागलं. कारण तू गेलीसही तशीच. हॉस्पिटलमधून मी जेमतेम डबा आणायला घरी आलो होतो. तेवढ्यात तुला जायची काय घाई होती? परत आलो तर सगळं आवरलेलं. वर्षभर मी त्या फोटोंकडे बघून हेच विचारतोय की तू माझ्यावर रुसून तर गेली नाहीस ना.

काल पल्लवी बरसीसाठी आली. मी मोबाइल घेऊन बसलेला पाहून शेजारी टेकली. मी तिला विचारलं, "तुझ्या सासूने मला एकदाही तोंड का दाखवलं नसेल गं?"

तिने एक-दोन फोटो सरकवून पाहिले. मग म्हणाली, "बाबा, आई मला एकदा म्हणाल्या होत्या. फोटो चालू असते तेवढा वेळ मले कोणी आवाज देत नाही."

मी मोबाइल खाली ठेवला. खरंच की. दिवसभर या घरात तुझ्याच नावाचा पुकारा. सुमन, माझा चष्मा. सुमन, टॉवेल. आई, डबा. त्या खडकांवरसुद्धा तू शाल घडी करून पिशवीत ठेवली रे ठेवली की "पाण्याची बाटली कुठं आहे?" असं विचारणारा मीच. फक्त फोटो चालू असताना सगळे तुझ्यापासून लांब उभे, आणि तुझ्यासमोर नुसता समुद्र. तुला समुद्र आवडतो हे तू मला का नाही सांगितलंस? सांगितलं असतं तर मी नुसताच उभा राहिलो असतो, मोबाइल खिशात घालून.

रात्री सगळे फोटो पुन्हा पाहिले आणि एक निवडला. मोरपंखी शालीचा. मी तो बिघडलेला म्हणून कोणाला पाठवलाच नव्हता. त्यात शाल एका खांद्यावरून घसरली आहे, हात पसरायचं तू विसरली आहेस, नक्षी काहीच दिसत नाही. लाट फुटली आहे आणि तू मान थोडी उचलून तिकडे बघते आहेस. तुझ्या वहिनीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मंग हार कुठं घालसान?" म्हटलं, हार खाली पाटावर ठेवू, फोटोवर काही नको.

उद्या हाच फोटो देतोय. दारासमोरच्या भिंतीवर लावीन, उजेड येतो तिथे. आणि एक शब्द देतो तुला. अजूनही सकाळी तोंडातून तुझं नाव निघतं, ती सवय मी मोडीन. चष्मा, टॉवेल, चहापत्तीचा डबा, सगळं माझं मी शोधीन. तू वळू नकोस.

तुझा,
निखिलचे बाबा