बत्तीसशेची रॅम

८ नोव्हेंबर
कॉम्प्युटर आला. अवधूतने जुन्या जालन्यातल्या राधेश्यामकडून जुळवून आणला. रॅम बत्तीसशेच्या वेगाची, प्रोसेसरची हमी मात्र सव्वीसशे सहासष्टपर्यंतच. राधेश्याम म्हणाला होता, "भाऊ, सेटिंग बदला, बिलकुल पळतंय." अवधूतने बदललं. "बत्तीसशेची घेतली, मग सव्वीसशेवर कशाला रखडवू?" नवऱ्याचं म्हणणं मलाही पटलं – हे इथे लिहून ठेवते.

९ नोव्हेंबर
आई घनसावंगीहून आली. अठराला संभाजीनगरला ऑपरेशन. गळ्यातली गाठ, स्वरयंत्रासकट. त्यानंतर आवाज नाही. डॉक्टर किती सहज बोलले!
नऊ दिवस आहेत. आईचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायला घेतलं. लाजते. "माझ्या घोगऱ्या आवाजाचं काय लोणचं घालतीस?"

१२ नोव्हेंबर
आज आई सुटली! भावकीतल्या बायकांच्या नकला. मग गोदावरीच्या पुरात वाहून गेलेल्या म्हशीची गोष्ट. हसता हसता ठसका, रुमालावर रक्त. मी थांबवायला गेले.
"चालू ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "म्हैस घरी यायची न्हाई का?"

१४ नोव्हेंबर
कॉम्प्युटर दोनदा आपोआप बंद पडून चालू झाला. अवधूत – "पळून राह्यला ना? मंग?"

१६ नोव्हेंबर
भावाचा, कल्याणचा फोन. म्हणतो, "ताई, एकेक नको धाडू. गाठोडं बांध, एकदाच धाड."
रेकॉर्डिंगच्या तेरा फायली कॉम्प्युटरवर एकत्र दाबून एकच झिप फाईल केली. उघडून पाहिली. तेराही नावं दिसली. मग फोनमधल्या आणि कॉम्प्युटरवरच्या सुट्या फायली पुसून टाकल्या. पक्की प्रत झाली की कच्ची ठेवायची नाही – जन्माची सवय.

१८ नोव्हेंबर
ऑपरेशन झालं.

२५ नोव्हेंबर
आई घरी. गळ्याला भोक, हातात पाटी. पहिलं वाक्य – म्हशीची लाव.
गाठोडं उघडेना. नावं दिसतात, आतलं निघत नाही. कल्याणला पाठवलं. त्याचंही तेच. "ताई, हे फाटकं आलं."
आईला म्हटलं, नेट नाही.

२६ नोव्हेंबर
अवधूतने रॅमची तपासणी केली, मग वेग सव्वीसशे सहासष्टवर आणला. पुन्हा तपासणी लावली. बत्तीसशेवर चुका निघाल्या होत्या, आता एकही नाही. "आता बराबर आहे," म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही.
राधेश्याम येऊन गेला. खुर्चीच्या कडेवर बसला होता. "भाभी, बांधतानाच एखादा आकडा उलटा पडला. तिथून पुढचं न्हाई निघत."
आणि पुसलेल्या सुट्या फायली?
"कॉम्प्युटरवरच्या निघत न्हाईत. फोनमधल्या जागेवर दवाखान्याचे फोटो चढले."
आईच्या गळ्याचे. मीच काढलेले.

२७ नोव्हेंबर
पाटीवर – म्हशीची.
मी म्हटलं, उद्या.

२८ नोव्हेंबर
पाटी पुसलेली नाही. कालचाच शब्द. आईने नुसती माझ्याकडे वळवून ठेवली.
मला गोष्ट पाठ आहे. तिचा आवाज आठवायला जाते तर फक्त ठसका आठवतो.

२९ नोव्हेंबर
एक फाईल निघाली! पहिली. नऊ तारखेची, आवाज नीट येतो का बघायला केलेली.
मी – आई, एक ते दहा म्हण.
आई – तूच म्हण.
मग मी म्हणते. एकपासून दहापर्यंत, अगदी स्पष्ट.