दादाची खोली मोकळी केली

प्रिय वहिनी,

परवा फोनवर तू विचारलंस, घरात एवढी ठोकाठोकी कसली चाललीय, आणि मी विषय बदलला. आता काम संपलंय, म्हणून निवांत लिहायला बसले. आम्ही दादाची खोली मोकळी केली. टिकली आणि भोपूसाठी तिथे खेळायची खोली केलीय.

दादा गेला, तू मुलांना घेऊन माहेरी गेलीस, तेव्हापासून ती बंदच होती. बाबा अधूनमधून आत जाऊन धूळ झटकायचे आणि पुन्हा कडी लावायचे. मागच्या सुट्टीत भोपूने त्यांना विचारलं, "आजोबा, आत कोण झोपलंय?" बाबांनी त्याला उचलून गॅलरीत नेलं. तुम्ही परत गेल्यावर मात्र मला म्हणाले, "लोकांच्या पोरांच्या खोल्या सजवतेस ना? मग हीपण कर."

मला ती स्कॅन्डिनेव्हियन धाटणी आवडते, तुला ठाऊकच आहे. फिकट भिंती, साधं लाकूड, भरपूर उजेड आणि डोळ्यांना त्रास होईल असं काही नाही. आई दारातूनच म्हणाली, "दवाखाना वाटतोय गं. एखादा हत्ती तरी काढ भिंतीवर." मी हत्ती काढला नाही, पण एक भिंत फळ्यासारखी रंगवून घेतली. काय तो हत्ती पोरांनीच काढावा. कपाटं बुटकी आहेत, टिकलीचा हात वरच्या फळीपर्यंत आरामात जाईल. भोपू त्यांच्यावर चढणार हे गृहीत धरून ती भिंतीला पक्की ठोकून घेतलीत. थोडीच खेळणी बाहेर टोपल्यांत ठेवलीत, बाकीची माळ्यावर. कंटाळा आला की अदलाबदल करायची. खिडकीखाली गादी टाकलीय, तिथे पुस्तक घेऊन लोळता येतं. सध्या दुपारी आईच लोळते.

दादाचं अभ्यासाचं टेबल काढून टाकायला माझं मन होईना. बाबांनीच सुताराला त्याचे पाय कापायला सांगितले आणि कापून होईपर्यंत स्वतः ते धरून उभे राहिले. मग गॅलरीत गेले. बऱ्याच वेळाने आले ते थेट जमिनीवर मांडी घालून टेबलाशी बसले, कोपरं टेकवून बघितली आणि म्हणाले, "भोपूला अजून जरा उंच होतंय." पाय पुन्हा कापले.

वहिनी, आता जे सांगायचंय ते सांगते. तुझ्या भावाने आम्हाला सगळं सांगितलंय. तुला कोणीतरी भेटलाय, माणूस चांगला आहे, त्याला एक लहान मुलगी आहे, आणि आम्हाला काय वाटेल म्हणून तू त्याला ताटकळत ठेवलंयस. ऐकल्यावर आई दुपारी जेवली नाही, तुझ्यापासून कशाला लपवू? रात्री जेवताना म्हणाली, "त्याला तिखट चालतं का, विचारून ठेव तिला." बाबांनी तुला दोनदा फोन लावला आणि रिंग जायच्या आत ठेवून दिला. शेवटी मला म्हणाले, "तूच लिही. तिला म्हणावं, खोली केली ती मुलांना इथे अडकवून ठेवायला नाही. तू हो म्हण. सुट्टीत सगळे मिळून या, आणि त्या पोरीलाही आण. तिची उंची तेवढी कळव."

तुझीच,
आधीही आणि यापुढेही,
नणंद